खालचा सूर : आपल्या दिंडीच्या गळ्याचा इतिहास





आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हा अंक निघत आहे. दिंडी कुणी काढली, पहिली वीणा कुणी घेतली, मुक्काम कुठं पडायचे, अन्नदान कोण करायचं, हे सगळं बाकीच्या मंडळींनी लिहिलं आहे. आमच्याकडं अंकाची पोरं आली अन् म्हणाली, महाराज, तुम्ही गाण्यावर लिहा. आम्ही चौथी शिकलेले. ७२ च्या दुष्काळात पाटी सुटली अन् हातात खडी फोडायचा हातोडा आला, तेव्हापासून शाळेचं तोंड पाहिलं नाही. लिहिण्यापेक्षा कुळव धरायला सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. पण ज्या विद्येनं आमचा गेलेला गळा परत आला ती आमच्याबरोबर मातीत जाऊ नये, म्हणून बसलो. ती विद्या म्हणजे खर्जाचा रियाज, खालच्या सुराची मेहनत.

खर्ज म्हणजे काय ते आधी सांगतो. आपण गाताना जो सा धरतो त्याच्या खालचं सप्तक ते मंद्र सप्तक. तिथं नी, ध, प, म असं पायरी पायरीनं उतरत खालच्या सापर्यंत जायचं. तो खालचा सा म्हणजे खर्ज. षड्ज या शब्दाचंच ते बोलीतलं रूप. तंबोऱ्याच्या चार तारांत शेवटची जाड पितळी तार खर्जाची असते. मृदंगाच्या डाव्या अंगाला आपण कणीक लावतो, ती धूम घुमते, तो मृदंगाचा खर्ज समजा. नुसत्या शाईच्या बाजूनं वाजवलेला मृदंग कधी कुणी ऐकला आहे का? गळ्याचंही तसंच आहे.

ही विद्या परक्या मुलखातली नाही. आपल्या मराठवाड्यात देवगिरीला यादवांचं राज्य होतं. तिथं सिंघणदेव राजाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे पंडित होते. तेराव्या शतकात त्यांनी ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. गाण्याच्या मोठ्या ग्रंथांत आजही त्याचं नाव पहिलं घेतात. आम्हाला संस्कृत येत नाही, एका मास्तरांनी उकलून सांगितलं ते असं : आवाजाची ठिकाणं तीन. मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात. मंद्राच्या दुप्पट मध्य अन् मध्याच्या दुप्पट तार.

हे दुप्पट म्हणजे काय, ते आम्हाला लई वर्षांनी कळलं. नातवानं मोबाईल समोर ठेवला अन् म्हणाला, आबा, सा लावा. आम्ही काळी एकचा सा लावला. मोबाईलनं आकडा दाखवला १३८ च्या आसपास. म्हणजे गळ्यातल्या पडद्या एका सेकंदात इतक्या वेळा थरथरतात. मग खालचा पंचम लावला, तो १०४. अन् अगदी खालचा सा लावला तर आकडा ६९. बरोबर निम्मा. शार्ङ्गदेवांनी आठशे वर्षांपूर्वी देवगिरीच्या डोंगराखाली बसून जे सांगितलं तेच मोबाईल सांगायला लागला. त्या दिवशी आम्ही त्या ग्रंथाला मनातून हात जोडले.

यादवांच्याच काळात आपल्या तेरला गोरोबाकाका झाले, नरसीचे नामदेवराय झाले, अन् १२९० साली ज्ञानोबारायांनी ज्ञानेश्वरी सांगितली. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे. भाजलेलं मडकं टिचकी मारली की खणखणतं, कच्चं मडकं बद्द वाजतं. आम्ही कीर्तनात ही कथा सांगताना गळ्यालाही लावतो. वरचा सूर ताणून कुणालाही काढता येतो. गळा भाजलाय की कच्चा आहे, ते खालच्या सुरावर कळतं.

मग कुणी विचारील, आपला संप्रदाय तर उंच पट्टीत गातो, खाली कशाला जायचं? उंच गाण्याला कारण होतं. पैठणहून नाथांची पालखी परांड्यावरून जाते, शेगावहून गजानन महाराजांची पालखी धाराशिव-तुळजापूरवरून जाते, गावोगावच्या दिंड्या निघतात. हे सगळं गाणं उघड्या रानातलं. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. पन्नास टाळ वाजतायत, मृदंग वाजतोय, वारं सुटलंय. अशात खालचा आवाज चार हातावर विरून जातो. माणसाच्या कानालाही खालचा सूर मोठा असल्याशिवाय नीट ऐकू येत नाही. म्हणून चाली वर गेल्या. त्यात चूक काही नव्हतं. पण जुनी माणसं वर जायच्या आधी रोज खाली उतरून येत असत, एवढं आपण विसरलो.

ती उतरायची कुठं? एक काकड्याला. पहाटे देवळात दहा-बारा माणसं, कंदील, गावाला अजून जाग नाही. तिथं कुणी ओरडत नसे. हळू, खालच्या सुरात सुरुवात व्हायची अन् उजाडेल तसा सूर चढायचा. सगळ्या गावाचा गळा असा रोज तापायचा. त्याला रियाज असं कुणी म्हणत नव्हतं.

दुसरी जागा घरात होती. आमची आई पहाटे जातं ओढायची. जात्याची घरघर म्हणजे तिचा तंबोराच. त्या घरघरीत सूर मिसळून ती ओवी म्हणायची, ती खालच्या आवाजात, कारण बाजूला लेकरं झोपलेली असायची अन् हातानं दळण चालू असायचं. पुण्याचे गी पॉतवाँ अन् हेमा राइरकर यांनी मंडळी जमवून महाराष्ट्रभरातून लाखाच्या वर अशा ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. गावात पिठाची गिरणी आली, बायांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण पहाटेचा तो सूर गेला तो गेलाच. दिंडीतल्या जुन्या बायांचे गळे घट्ट होते, त्याचं कारण जात्याच्या खुंट्यात होतं.

आता दिंडीचा काळ. शंभर वर्षांपूर्वी आपण मोगलाईत होतो. निजामाचं राज्य. बार्शीकडं निघालं की इंग्रजी हद्द लागायची, मधी करोडगिरीचा नाका. पंढरपूर पलीकडच्या राज्यात. आमचे आजोबा सांगायचे की नाक्यावर गाठोडी सोडून दाखवावी लागत, वीणा तेवढी कुणी खाली ठेवू देत नसे. पुढं रझाकाराचे दिवस आले. ४७-४८ साली रात्री मोठ्यानं भजन करायची सोय राहिली नाही. तेव्हा आजोबांच्या ओसरीच्या आतल्या खोलीत पाच-सहा माणसं बसत. टाळ नाही, मृदंग नाही. वीणेची तार बोटाच्या पेरानं हलकी छेडायची अन् सगळ्यांनी खालच्या सुरात नाम घ्यायचं. भिंतीच्या बाहेर जाऊ नये इतपत. १७ सप्टेंबर १९४८ ला मोगलाई संपली अन् दिंडी पुन्हा गजर करत निघाली. आजोबा म्हणायचे, त्या साली वर गायला लागलो तर सगळ्यांचे गळे कधी नव्हे एवढे मोकळे लागले. का लागले, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हाला आता ठाऊक आहे. वर्ष-दीड वर्ष ती माणसं नकळत खर्ज भरत होती.

विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा तिथला अभ्यास. तिथून शिकून आलेले कीर्तनकार मराठवाड्यात पसरले, अन् गावोगाव पाठ, चाली, मृदंग यांना शिस्त लागली. आमच्या वीणेकरी बाबांनाही अशाच एका साधूनं लहानपणी पहाटे उठवून बसवलं होतं. त्यांच्यापासून ही विद्या आपल्या दिंडीत आली.

त्याच सुमाराला पेटी आली. पेटी मूळची फ्रान्स देशातली, पायानं दाबायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती हातानं भाता मारून मांडी घालून वाजवता येईल अशी केली. मोठमोठ्या गवयांना ती आवडली नाही. १९४० पासून तीस वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पण गावाला ती सोयीची पडली. सूर शोधायला नको, पट्टी दाबली की सूर तयार. तिथं एक खोड लागली. वीणेवर सूर लावताना माणूस आधी ऐकतो, मग गातो. पेटीवर ऐकायची गरज राहिली नाही. कुणाची पट्टी उंच यावर ईर्षा सुरू झाली. पट्टी चढत चढत काळी चार, काळी पाचपर्यंत गेली.

मग गावात लाइट आली अन् तिच्या मागं कर्णा आला. खरं तर कर्णा आल्यावर आवाज खाली यायला पाहिजे होता. लांबपर्यंत पोचवायचं काम आता यंत्र करत होतं. झालं उलटं. यंत्राच्याही वर ओरडायची सवय लागली. अन् ती लावणाऱ्यांत आम्ही पुढं होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण इतिहास म्हटल्यावर लपवून चालत नाही.

आमची तिशी असेल. चांगला आवाज, सप्त्याची बोलावणी, डोक्यात वारं. एका सप्त्याला वीणेकरी बाबा आमच्या मागं उभे. त्यांचा आवाज खालचा, भरलेला, पण तो कर्ण्यात येईना, नुसता घुमायला लागला. आम्ही भर कीर्तनात मागं वळून म्हणालो, “बाबा, तुम्ही जरा बाजूला बसा, माइकवर घुमतंय.” बाबांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली, आम्हाला नमस्कार केला अन् खांबाला टेकून बसले. त्या दिवसापासून त्यांनी मागं उभं राहणं सोडलं. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या आधी भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर अन् त्या पट्ट्यातली गावंच्या गावं पडली. हजारो माणसं झोपेत गेली. त्या हिवाळ्यात लोहारा-उमरग्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडमधी माणसं राहत होती. कुणाचं दहावं, कुणाचं तेरावं, कुणाला नुसता धीर पाहिजे. आम्ही रोज रात्री कीर्तन करत होतो. लाइट नाही, धूळ, थंडी, समोर रडणारी माणसं. आम्ही पट्टी चढवत गेलो, कारण आम्हाला तेवढंच येत होतं. माघ लागेस्तोवर आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग बोलायलाही निघेना.

लातूरला घशाच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी आरशानं पाहिलं अन् सांगितलं की आवाजाच्या पडद्यांना गाठी आल्यात. सतत ताणून, आपटून येतात, नांगर धरून हाताला घट्टे पडतात तशा. औषधापेक्षा मौन धरा. आम्ही दीड महिना बोललो नाही. बैलांना सुद्धा शीळ घालून हाकलं. पण मौन सुटल्यावर गायला बसलो तर वरचा सूर लागेना अन् खालचा कधी लावलाच नव्हता. त्या रात्री आम्ही वीणेकरी बाबांच्या घरी गेलो. पायावर डोकं ठेवलं. वाटलं होतं, ते सप्त्याची आठवण काढतील. त्यांनी नाव काढलं नाही. एवढंच म्हणाले, “उंद्या पहाटं ये. पेटी आणू नगंस.”

पुढचं सगळं त्यांनी शिकवलं ते, जसंच्या तसं, पोरांनी धरावं म्हणून लिहितो.

वेळ पहाटेची, काकड्याच्या आधी. झोपेतून उठल्यावर पडद्या सैल अन् थोड्या सुजलेल्या असतात, म्हणून सकाळी आपोआप आवाज खाली असतो. कोमट पाणी प्यावं, चूळ भरावी. मांडी घालून ताठ बसावं, खांदे सोडून द्यावे. श्वास छातीत भरायचा नाही, पोटात भरायचा. पालथा हात बेंबीवर ठेवला तर तो पुढं आला पाहिजे.

पहिले आठ दिवस सूरच लावायचा नाही. घोडा ओठ फुरफुरवतो तसे ओठ सैल सोडून फुरफुरवायचे, अन् त्यातच बारीक आवाज धरून वरून खाली यायचं. मग ओठ मिटून म्‌ असा गुणगुणाट. ओठांना अन् नाकाच्या हाडाला मुंग्या आल्यासारखं वाटलं की सूर जागेवर आहे. गळ्यात कुरकुर वाटली की चुकलं.

नंतर वीणेवर सा. पुरुषांनी काळी एक किंवा दोन, बायांनी काळी चार-पाचच्या अंदाजानं, आपल्याला बोलायला सोपं जाईल तिथं. आ करून एका श्वासात जेवढा टिकेल तेवढा सा धरायचा. मोठेपणा बोलण्याएवढाच. आवाज हलता कामा नये, पाजळलेल्या समईची ज्योत वारा नसताना उभी राहते तसा. सा स्थिर झाला की नी. नी स्थिर झाला की ध. मग प. एकेका सुरावर पाच-सहा श्वास. घाई नाही. आम्हाला पंचमावर टिकायला अडीच महिने लागले.

सगळ्यात मोठी चूक होते ती इथं. खालचा सूर लागेना की माणूस हनुवटी छातीला टेकवतो अन् गळा दाबून आवाज काढतो. तो सूर नव्हे, ती घरघर. जिथं आवाजात नुसती हवा यायला लागली तिथून एक पायरी वर यायचं अन् तिथंच बसायचं. बाबा म्हणायचे, “आरं लेकरा, मोट आपटून इहिरीला पाणी वाढत न्हाई. रोज उपस, झरे आपूआप मोकळे व्हतेत.” प्रत्येकाच्या गळ्याचा तळ देवानं ठरवलेला असतो. मेहनतीनं तो एखाद-दोन सूर खाली जाईल, जास्त नाही. पण जे सूर आहेत ते भरीव होतात, हे खरं फळ.

वेळ पहिल्या महिन्यात दहा मिनिटं, पुढं वाढवून अर्धा तास. सर्दी-खोकला असेल, रात्रभर जागर झाला असेल, तर करायचा नाही. जेवल्यावर लगेच नाही. शेवटी दोन सूर वर जाऊन सावर येऊन थांबायचं.

आम्ही पहिली वर्षं समजत होतो की ही वारकऱ्यांची गुपित गोष्ट आहे. नंतर मिरजेला वीणा दुरुस्तीला गेलो तेव्हा कळलं की मोठे गवईही हेच करतात. आपल्या दिंडीची वीणा पिढ्यान् पिढ्या मिरजेलाच जाते. १९२७ पासून बार्शी लाइटची छोटी गाडी लातूरहून पंढरपूरमार्गे थेट मिरजेपर्यंत जायची, बाबा वीणा मांडीवर घेऊन त्या गाडीनं जात. तंबोऱ्याला लागणारे मोठे भोपळे आपल्याच भीमेकाठचे, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे. त्याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. ते १९३७ ला वारले, त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. त्यांच्या किराणा घराण्यात खर्जाच्या मेहनतीला मोठा मान. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, अन् सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनअण्णांनी आपल्या संतांचे अभंग साऱ्या देशात नेले, २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झालं. त्यांचा अभंग ऐकताना वरच्या सुराला लोक टाळी देतात. आमचं ध्यान ते खाली उतरतात तिथं असतं.

आमचा आवाज परत आला त्याला वर्ष लागलं. पूर्वीसारखी उंच पट्टी पुन्हा लागली नाही. पण दोन-अडीच तास कीर्तन करून सकाळी बोलता येतं, ते आजतागायत, अन् सदुसष्ट वर्षांच्या गड्याला एवढं पुष्कळ झालं. पुढच्या सप्त्याला आम्ही बाबांना हात धरून मागं उभं केलं अन् माइक लांब सरकवला. त्यांचा तो घुमणारा सूर पाठीला लागला की आमचा सूर आपोआप जागेवर येत होता. बाजूला बसवताना हे कळलं नव्हतं. पुढं पाच-सहा वर्षं ते उभे राहिले. आता ते नाहीत.

आज दिंडीत काय आहे ते पहा. काकडा मोबाईलवर लावून कर्ण्याला जोडतात अन् माणसं अंथरुणात ऐकतात. पंचविशीतली दोन-तीन चांगली गाणारी पोरं आताच गोळ्या चघळत गातात. आम्ही वीस वर्षं ही विद्या एकट्यानंच केली, कुणी मागितली नाही म्हणून दिली नाही. हीसुद्धा आमचीच चूक. गेल्या कार्तिकापासून देवळात पहाटे बसायला लागलो आहोत. चार पोरं अन् दोन पोरी येतात. पोरींचा पंचम पोरांपेक्षा आधी स्थिर झाला. एकीची आजी म्हणाली, आमच्या घरात जातं होतं ना!

शताब्दीच्या निमित्तानं दिंडीला नवा साउंड घ्यायचा ठराव झाला आहे. घ्यावा, आमची ना नाही. आमचं मागणं एवढंच की काकडा पुन्हा माणसांच्या गळ्यातून व्हावा, कर्णा बंद ठेवून, रोज अर्धा तास. पाच माणसं आली तरी चालेल. दिंडीचं दोनशेवं वर्ष पाहायला आपण कुणी नसू. त्या वेळच्या पोरांच्या गळ्यात खालचा सूर असावा, म्हणून आज कुणीतरी पहाटे उठलं पाहिजे. आमचं दार चार वाजता उघडं असतं.

लिहिण्यात चूकभूल झाली असेल ती संतांनी पदरात घ्यावी.

राम कृष्ण हरी.